शाई लावायला जागा

७ मे २०२४ ला साताऱ्यात लोकसभेचं मतदान होतं. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून आम्ही दोघं सकाळी साडेसातलाच रांगेत उभे. ओळखपत्र झालं, सही झाली. शाईच्या बाटलीशी बसलेल्या बाईंनी माझी डावी तर्जनी धरली, काडी शाईत बुडवली आणि थांबल्या. बोट खिडकीकडे वळवून बघितलं. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"नख कुठंय?"

मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं? नाव नाही का यादीत?"

"नाव आहे, नख नाही," बाईंनी खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा केला.

२००६ पासून ही शाई ठिपक्यासारखी लावत नाहीत. नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ ओढतात. माझ्याकडे पेर होतं, टोक नव्हतं. मध्ये जे काही उरलं होतं ते तुरीच्या डाळीएवढं असेल. बाईंनी सुस्कारा टाकला आणि त्या डाळीवर शाई ओतून बोट सोडून दिलं.

ही शाई म्हैसूरच्या एका कारखान्यात तयार होते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, पण नखावरचा नख वाढून पुढे सरकल्याशिवाय हटत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाची दुबार मतदान रोखायची भिस्त नागरिकाच्या नखावर आहे. आणि मी ते खातो. दर निवडणुकीनंतर चौथ्या दिवशी माझं बोट कोरं असायचं. "मतदान केलं नाहीत वाटतं?" असं सोसायटीत मला तीनदा तरी ऐकवलं गेलंय.

बाहेर आलो तर बायको शाळेच्या फाटकाशी उभी राहून बोटं मोडत होती. एकेक करून, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, दोन्ही हातांची. "चारचौघांत लाज आणलीत," ती म्हणाली. शेवटचा अंगठा कट्कन वाजला.

"आणि हे काय चाललंय तुझं?"

तिथे फाटकाशीच करार झाला. मी नखं सोडायची, तिने बोटं सोडायची. साक्षीला कुणी नव्हतं, एक पोलीस होता, तो म्हणाला, इथे थांबू नका.

माझी सवय जुनी. कधी लागली ते सांगता येत नाही, पण दहाही नखं एका बैठकीत संपवायचा माझा विक्रम १८ एप्रिल १९८६ चा आहे. शारजात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. पुढची कित्येक वर्षं चेतन शर्माचं नाव निघालं की माझा अंगठा आपोआप वर यायचा. आईने सगळे उपाय केले. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, कारल्याचा रस लावला, शेवटी हिरवी मिरची चोळली. मिरचीचा परिणाम झाला, मला तिखट आवडायला लागलं. नखं खाल्ली की घरात दारिद्र्य येतं, असंही ती म्हणायची. तसं ते आलं नाही, पण श्रीमंतीही आली नाही, त्यामुळे तिचं म्हणणं मला कधी खोडून काढता आलं नाही.

ज्याला नखं आहेत त्याला ती कशासाठी असतात हे कळत नाही. फरशीवर पडलेला रुपया मी उचलू शकत नाही, त्याला सरकवत भिंतीपर्यंत न्यावं लागतं. चिकटपट्टीचं टोक मला सापडत नाही. फळावरचं स्टिकर निघत नाही. संत्र्याला मी सुरी लावतो. घट्ट बसलेलं डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उघडतो. एकदा लग्नाच्या गडबडीत बायकोने टिकलीचं पाकीट पुढे केलं, "एक काढून द्या हो पटकन." वरात निघून गेली तरी मी पाकिटावर बोट घासत होतो.

बायकोची गोष्ट वेगळी. तिची बोटं म्हणजे घरातलं हवामान खातं आहे. एक बोट वाजलं तर दूधवाला आला नाही. चार वाजली तर शाळेत पेपर तपासायचे गठ्ठे आलेत. दहाही वाजली तर माझ्या बहिणीचा फोन येऊन गेला. मी खोलीत न जाता, नुसतं दाराबाहेरून ऐकून, परत फिरायचं की आत जायचं हे ठरवत आलोय. तिला संधिवाताची भीती घालायचा प्रयत्न मी केला होता, पण ती गणिताची शिक्षिका. तिने डोनाल्ड उंगर नावाचा अमेरिकी डॉक्टर शोधून काढला. या माणसाने पन्नास वर्षं रोज दोनदा तरी फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची मोडली नाहीत आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठल्याच हातात नव्हता. हे त्याने १९९८ मध्ये छापलं आणि २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं. त्याला लहानपणी ही भीती कुणी घातली, तर आईने आणि मावश्या-आत्यांनी, आणि पुढे सासूबाईंनी. सासूबाईंचा उल्लेख बायकोने मला दोनदा वाचून दाखवला.

सांध्यातल्या वंगणात वायूचा बुडबुडा झाल्याने तो आवाज येतो आणि तेच बोट पुन्हा वाजायला वीसेक मिनिटं लागतात, हेही तिनेच सांगितलं. मी घड्याळ लावून पाहिलं. खरं आहे. तिची एक तासिका पस्तीस मिनिटांची असते, हिशेब तुम्ही करा.

कराराच्या दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून नखांना लावायचं कडू वॉर्निश आणलं. त्यात डेनाटोनियम नावाचं रसायन होतं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये ते सापडलं. जगातल्या सगळ्यात कडू पदार्थांत त्याची गणना होते. उसाला लागलं तर ऊस कडू. मी दोन हात लावले, म्हणजे दोन्ही हातांना दोन-दोन थर.

आता हे औषध ज्यांनी काढलं ते काट्या-चमच्याने जेवणारे लोक. आपलं जेवण हातावर चालतं, हे ध्यानात यायला मला एक वरणभात पुरला. पण ती माझी एकट्याची शिक्षा होती. तिसऱ्या दिवशी, १० मेला, अक्षय्य तृतीया. सासरे, मेहुणा, त्याची बायको, पुण्याची भाची, सगळे जेवायला. आणि आमच्या घरी आंबे पिळायचं काम परंपरेने माझ्याकडे आहे. दोन डझन हापूस मी आदल्या रात्री पाण्यात टाकले होते. सकाळी बाह्या सरसावून मोठ्या पातेल्यात एकेक आंबा पिळला, कोयी पुन्हा पुन्हा दाबून घेतल्या, सालीच्या आतून बोट फिरवून गर काढला. मन लावून काम केलं.

पहिला घास मेहुण्याने घेतला आणि तो थांबला. मग त्याची बायको थांबली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्याच्या घरी रसाला नाव ठेवायचं धाडस कुणाला होईना. मेहुणा म्हणाला, "यंदा हापूसचं काही खरं नाही, पाऊस अवेळी झाला ना." भाचीने पुरी नुसतीच खाल्ली. बायको माझ्या हातांकडे बघत होती आणि तिची दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून घट्ट धरलेली होती. करार पाळला तिने, हे मला मान्य करावंच लागेल. सासरे तेवढे खूश होते. त्यांना साखर आहे. "कडवट आहे म्हणजे मला चालेल," म्हणून त्यांनी दुसरी वाटी मागितली.

भांडी घासताना भाचीने मला बाजूला घेतलं. ती मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "मामा, कडू लावून काही होत नाही. हाताला काय करायचं नाही ते सांगितलंस, काय करायचं ते कुठे सांगितलंस?" १९७३ मध्ये नेथन अॅझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काढलेली एक रीत तिने मला समजावली. रीत साधी आहे. आधी सवय कधी, कुठे आणि कशी उठते ते रोज लिहून काढायचं. मग ती उठतेय असं वाटलं की हाताला दुसरं काम द्यायचं. नखं खाणाऱ्याने मूठ आवळून धरायची, तीन मिनिटं.

लिहायला लागलो तेव्हा कळलं की पन्नास वर्षं जे हात मी वापरतोय त्यांची मला काडीची माहिती नाही. माझी समजूत होती की मी नखं 'खातो', म्हणजे तोंड सुरुवात करतं. तसं नाहीच. सुरुवात अंगठा करतो. मी वर्तमानपत्र वाचत असतो, नाहीतर फोनवर "हो, हो" म्हणत असतो, आणि खाली अंगठा गपचूप बाकीच्या चारही बोटांच्या कडांवरून गस्त घालत असतो. कुठे खरखरीत लागतंय का, कुठे कपचा आलाय का. बहुतेक वेळा सगळं गुळगुळीत असतं. पण तो सोडत नाही. तर्जनीच्या उजव्या कोपऱ्यात त्याला केसाएवढं काहीतरी सापडतं आणि मग ते नीट केल्याशिवाय राहवत नाही. नीट करायला दात. दातांनी एक कोपरा सरळ होतो तेव्हा दुसरा वाकडा होतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, खुसपट काढणं. तो माणसांबद्दल वापरतात. मी तो आधी माझ्या तर्जनीवर वापरून बघत होतो.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये असंच काहीसं मांडलंय, असं भाची म्हणाली. नखं खाणारी माणसं घाबरटच असतात असं नाही, त्यांना सगळं नीटनेटकं लागतं, आणि कंटाळा किंवा चडफड झाली की हात चालू होतो. मी हे बायकोला मोठ्या आवाजात ऐकवलं. ती म्हणाली, "नीटनेटकं? त्यांनी तुमचं कपाट बघितलंय का?"

कॅलेंडरच्या चौकटींत आम्ही खुणा करायला लागलो. माझ्या निळ्या, तिच्या लाल. मला मूठ होती. तिने लसूण निवडला. बोटं मोडावीशी वाटली की ती लसूण सोलायला बसे. जूनभर आमच्या घरी लसणाची चटणी, लसणाचं लोणचं, लसणाची फोडणी घातलेलं सगळं काही. दहाव्या दिवशी तिच्या लाल खुणा बंद झाल्या आणि माझे हाल सुरू झाले. आधी जे बोटांतून निघायचं ते आता तोंडातून निघायला लागलं. "तुमच्या बहिणीला दुपारी झोप येत नाही का?" हे वाक्य आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी कधी ऐकलं नव्हतं. त्याऐवजी दहा आवाज ऐकले होते, आणि ते मला जास्त सोसत होते.

२९ जूनला रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या, हातात सहा गडी होते. मी दोन्ही मुठी आवळून बसलो. तीन मिनिटं झाली की सोडायची, पण सोडली की अंगठा गस्तीला निघे, म्हणून परत आवळायची. बायको तळहातांवर बसली होती, अक्षरशः, बुडाखाली हात घेऊन. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेबाहेर जाऊन आत येऊन तो झेल घेतला तेव्हा तिला टाळी वाजवायलाही हात लवकर निघेनात. जिंकल्यावर आम्ही नखं मोजली. नऊ शाबूत होती. उजव्या हाताच्या करंगळीचं गेलं होतं. कधी गेलं, कुणी नेलं, काही आठवत नव्हतं. कॅलेंडरवर मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'करंगळी, आफ्रिकेविरुद्ध.'

या सगळ्यात शाई वर सरकत होती. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. जूनमध्ये मुळाशी एक पांढरट चंद्रकोर दिसायला लागली. गणपतीत काळा डाग निम्म्याच्या वर गेला. दिवाळीच्या साफसफाईत तो अगदी टोकाला, जास्तीच्या नखात आला, आणि तो कापायचा म्हणून मी नेलकटर हातात घेतलं तेव्हा ते कसं धरतात हे मला माहीत नसल्याचं लक्षात आलं. "दिवेलागणीला नखं कापतात का?" बायको ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा हा नियम मला लागू झाला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कापलं.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. तीच शाळा, तीच खोली. शाईवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी माझं बोट धरलं, टोकापासून पेरापर्यंत सरळ रेघ ओढली आणि "पुढे चला" म्हणाल्या. कौतुक नाही, काही नाही. मी बोट जरा वेळ तसंच पुढे धरून ठेवलं. त्या म्हणाल्या, "झालं की काका."

घरी आल्यावर ओट्यापाशी बायकोने ते बोट हातात घेतलं. उजेडात धरून रेघ बघितली. मग अचानक तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, मुठी वळून आपल्या कानशिलांवर टेकवल्या आणि दाबल्या. माझी आजी अशीच माझी दृष्ट काढायची. आवाज जितके जास्त तितकी दृष्ट मोठी, असा तिचा हिशेब असे. बायकोची दहाच्या दहा बोटं कडाकडा वाजली. सहा महिन्यांत साठलेलं सगळं त्यात होतं.

"बघा," ती म्हणाली, "केवढी लागली होती."

कॅलेंडरवर त्या दिवसाची चौकट अजून रिकामी आहे. माझं म्हणणं, लाल खूण व्हायला हवी. तिचं म्हणणं, ते धर्मकार्यात धरायचं.