ट्रिप होतंय? काढून टाका!

घरातल्या वायरिंगचे नियम दिल्लीत ठरतात, असा एक गोड गैरसमज आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ साली सुरक्षेचे नवे विनियम काढले आणि २०१० चे रद्द केले. त्या २०१० वाल्यांनी १९५६ च्या नियमांना घरी पाठवलं होतं. राष्ट्रीय विद्युत संहिताही २०२३ मध्येच नव्याने आली. वायरिंगचं मुख्य मानक, आयएस ७३२, याची १९८९ नंतरची आवृत्ती निघाली ती थेट २०१९ ला. तीस वर्षं! नव्वद साली आयटीआयतून बाहेर पडलेल्या तारतंत्र्याने तेवढ्यात निम्म्या गावाचं वायरिंग केलं, मुलांची लग्नं लावली, आणि शिडी चढताना गुडघे दुखायला लागल्यावर त्याला कळलं की पुस्तक बदललंय. म्हणजे, कळायला हवं होतं.

मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. इंग्रजीत. एका हातात पक्कड, दातात चिकटपट्टी, अशा अवस्थेत माणसाने ते वाचावं अशी अपेक्षा असावी.

पण समजा, एखाद्या वेड्याने वाचलंच. तर त्याचं काय होतं ते पाहा.

तो तुमच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच हे यंत्र डोळ्यांत तेल घालून पाहतं. फरक पडला की खटका पाडतं. शेजारचा सोळा अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. तरी ‘आमच्याकडे एमसीबी आहेत’ हे आपण ‘आमच्याकडे कुत्रा आहे’च्या थाटात सांगतो.

झालं! सकाळी गीझर लावला की घर अंधारात. गीझरच्या कॉइलमधून कधीपासून करंट गळत असतो. नाहीतर इन्व्हर्टर बसवणाऱ्या महाभागाने बेडरूमचा न्यूट्रल हॉलच्या न्यूट्रलमध्ये घुसवून ठेवलेला असतो. दुखणं जुनं, सापडलं आज. पण घरमालकाचा निकाल ठरलेला : “दादा, तुम्ही यायच्या आधी सगळं व्यवस्थित होतं हो.”

मग दुसरा वायरमन येतो. हा पुस्तकाच्या वाटेला गेलेला नसतो. आरसीसीबीला वळसा घालून तो दोन वायरी थेट जोडतो. पाच मिनिटांत लाइट. चहा, पैसे, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नंबर : ‘माणूस एकदम हुशार.’ पहिल्याला त्या बिल्डिंगमध्ये पुन्हा कोणी बोलवत नाही. पुढच्या घरी तो विचारूनच घेतो, “साहेब, ते ट्रिप होणारं बसवू की नको?” साहेबांनी नुकतेच फॉल्स सीलिंगवर दीड लाख घातलेले असतात. दोनेक हजारांचा खटका त्यांना वायफळ खर्च वाटतो.

याच साहेबांच्या घरी थ्री-पिनच्या वरच्या भोकात रिफिल खुपसून, आतलं शटर उघडून, टू-पिन चार्जर कोंबला जातो. ते शटर लहान मुलांची बोटं आणि खिळे आत जाऊ नयेत म्हणून असतं. मुलं शेजारी उभी राहून ही युक्ती शिकत असतात.

सरकार म्हणेल, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट असल्याशिवाय कनेक्शनच मिळत नाही. खरं आहे. काही रिपोर्टांवर इन्सुलेशनचे आकडे इतके देखणे असतात, की ते मोजायचा मेगर पेटीतून बाहेर काढून ते बिघडवायचं पाप कोणी करत नाही. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांवर माणसं जातात. त्यांची नोंद ‘अपघाती मृत्यू’ या सदरात होते.

असो. तुमच्या डीबीत आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहायचं असतं. आज दाबा. घरातली लाइट गेली तर ठीक. नाही गेली, तर तो हुशार माणूस कधी येऊन गेला, ते घरात विचारा.