दोन वीत

मॅग्नेटकाका बेल वाजवत नाहीत. टीव्हीचं खोकं लिफ्टने वर गेलं की पाठोपाठ जिन्याने ते वर येतात आणि चपला काढता काढताच विचारतात, "कुठे ठेवताय?" असा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या वाट्याला जरा जास्तच आला.

2004 च्या दसऱ्याला आम्ही 29 इंची टीव्ही आणि होम थिएटर एकदमच घेतलं. शोकेसमध्ये मधोमध टीव्ही आणि उरलेल्या फटींत दोन बाजूंना दोन स्पीकर, लग्नाच्या ग्रुप फोटोत करवल्या उभ्या करतात तसे, कोंबून. पुढे भारत-पाकिस्तान मॅच लागली, तर डाव्या कोपऱ्यात फिल्डिंगला गेलेला आपला खेळाडू बघता बघता हिरवा व्हायला लागला. आई म्हणाली, "फितूर झाला मेला."

"मॅग्नेट!" दारातून आवाज आला.

मग आमचं शिक्षण झालं. पिक्चर ट्यूबमध्ये मागून तीन झोत सुटतात, काचेमागे भोकाभोकांचा पातळ पत्रा असतो आणि त्यातून प्रत्येक झोताने आपापल्या रंगाचा ठिपका गाठायचा असतो. शेजारी स्पीकरचं लोहचुंबक आलं की झोत वाकतो. "लाल निघतो आणि हिरव्याच्या घरी जातो," काका म्हणाले आणि वहिनींसमोर हे बोलायला नको होतं असं वाटून जरा खोकले. नंतर स्वतःचा पंजा शोकेसवर ताणून बसवला. "दोन वीत. कमीत कमी."

स्पीकर सरकवले तरी डाग जाईना, तेव्हा टीव्ही बंद करून परत लावायचा ठरला. सुरू होताना तो 'धुम्म' आवाज येतो ना, ती आतली कॉइल पत्र्यातलं चुंबकत्व पुसते. पण लगेच लगेच नाही. आधी तिचं सर्किट गार होऊ द्यायचं, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोन कप चहा आणि वाटीभर चिवडा पुसला गेला. मधला स्पीकर टीव्हीवर ठेवायला मात्र परवानगी मिळाली, कारण त्याच्या चुंबकाच्या पाठीला उलटं चुंबक आणि वर लोखंडी टोपी होती. "हा सोवळ्यातला," काका म्हणाले. सबवूफरला टोपी नव्हती. तो कोपऱ्यात गेला, तिथे त्याचा दणका दुप्पट वाटू लागला आणि आईने त्यावर उशी टाकून जप सुरू केला.

तेव्हापासून आमच्या घरात लोहचुंबकाला थारा नाही. मुलाची 'टक्' करून मिटणारी कंपासपेटी टीव्हीवरून जप्त झाली. फ्रिजवरचा गोव्याचा शिंपला दोन वीत सरकला, फ्रिज दुसऱ्या खोलीत असूनही. आईने गुडघ्याला मॅग्नेटचा पट्टा बांधला होता. काका हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्ही इकडे बसा. गुडघा तेवढा गॅलरीत." वरच्या मजल्यावरच्या मुंजीत दोन विहिणी शेजारी बसलेल्या पाहून त्यांचा पंजा आपोआप पसरताना मी पाहिला आहे.

मग एलईडी आले. त्यात ना झोत, ना भोकांचा पत्रा. स्पीकर चिकटवून ठेवा, रंगाला काही होत नाही. काकांनी आमच्या नव्या टीव्हीला एकदा स्पीकर लावून पाहिला. चेहरे जसेच्या तसे गोरे राहिले. त्यांना ते आवडलं नाही. महिनाभर आले नाहीत. आले ते कोनमापक घेऊन: पुढचे दोन स्पीकर सोफ्यापासून 30 अंशांवर, मागचे 110 वर. आमचा सोफा भिंतीला टेकलेला, मागे बिऱ्हाड दुसऱ्याचं. शेवटी एक स्पीकर दारावर गणपतीशेजारी आणि दुसरा चपलांच्या रॅकवर गेला. सिनेमातला पाऊस अजून चपलांमध्येच पडतो.

एवढी वर्षं ते आमच्याकडे. त्यांच्याकडे मी परवा पहिल्यांदा गेलो. हॉल आखीव. डावा, उजवा, मधला, सगळे कोन देवघरातल्या टाकांसारखे जागच्या जागी. पाचवा मात्र दिसेना. तो स्वयंपाकघरात सापडला, मिक्सरच्या फळीवर, फोडणीने जाळी चिकट झालेला. काकूंना पोळ्या लाटताना मालिका ऐकायची असे, म्हणून सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज येईल असं बटण दाबून ठेवलेलं. काकू जाऊन तीन वर्षं झाली. बटण तसंच होतं. हॉलमध्ये सासू बोलत होती आणि तेच वाक्य आत ओट्याजवळ कुणीतरी म्हणत होतं.

मी त्या फळीकडे बघतोय हे काकांनी पाहिलं.

"चुकीचा आहे तो," ते म्हणाले. "मागे यायला हवा. 110 ला."

आणि चहाचा कप हातात धरून बसून राहिले.