गोरी लेन्स पाहिजे

लग्नसराई तोंडावर आली की जबलपूरच्या सदर बाजारात दोन गोष्टी पसंत करायच्या असतात: मुलगी आणि फोटोग्राफर. मुलीच्या बाबतीत आपला समाज जरा सुधारला आहे. शिक्षण, नोकरी, पगार आधी विचारतात. रंगाचा विषय पोह्यांच्या बशा आत गेल्यावर, हळू आवाजात निघतो. फोटोग्राफरच्या बाबतीत मात्र कसलाही आडपडदा नाही. मुलीचे मामा दुकानात शिरतात, समोर ठेवलेला अल्बम उघडतही नाहीत आणि थेट विचारतात, "का बड्डे, लेन्स पांढरी आहे ना?" (जबलपुरात सगळे एकमेकांचे बड्डे असतात. तीन पिढ्या इथे काढलेले मराठी मामाही त्यातून सुटलेले नाहीत.)

काउंटरवरचा पोरगा तयारीत असतो. "पांढरीच आहे मामाजी. वर लाल पट्टी." मामांचा चेहरा उजळतो. पट्टी कसली, हे मामा विचारत नाहीत आणि पोरगा सांगत नाही. बयाणा दिला जातो. भिंतीवर टांगलेले फोटो याच पोराने काळ्या लेन्सने काढलेले असतात, आणि आत शिरताना मामांनी त्यांचं कौतुकही केलेलं असतं. पण सोयरे दुकानाची भिंत बघायला येत नाहीत, मांडवातली लेन्स बघतात.

तेव्हा लेन्सचा रंग फोटोग्राफरला महत्त्वाचा असतो का, या प्रश्नाला सदरमध्ये एकच उत्तर आहे: असतो, कारण तो बिलात दिसतो. ज्याच्या घरी पांढरी नाही, तो एका रात्रीपुरती भाड्याने आणतो, वरातीत मिरवतो आणि मंगलाष्टकं सुरू झाली की गुपचूप पिशवीतली काळी काढतो. कारण अंतरपाटापासून चार हातांवर उभं राहून २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये नवरदेवाचं नाक आणि मुंडावळ्या एवढाच ऐवज मावतो. हुबेहूब या लेन्ससारखे दिसणारे कॉफीचे मगही मिळतात. आमची सूचना अशी, की वरातीपुरता मगच गळ्यात अडकवावा. सोयऱ्यांचं समाधान होईल आणि चहाचीही सोय होईल.

पांढऱ्या रंगामागे शास्त्र आहे, हे आधीच मान्य करतो. साध्या भिंगातून जाताना लाल आणि निळा प्रकाश एकाच जागी एकवटत नाही, त्यामुळे लांबच्या वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. फ्लोराइटचा स्फटिक ती झालर आवरतो. १९६९ साली कॅननने कृत्रिम फ्लोराइट वापरलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. पण गुण तितके नखरे: तापलं की फ्लोराइट काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि फोकस हलतो. म्हणून १९७६ पासून कंपनी आपल्या लांब पल्ल्याच्या लेन्सना पांढरा रंग देऊ लागली. ऊन परतवावं, एवढाच हेतू. पुढे क्रिकेटच्या आणि ऑलिंपिकच्या मैदानांच्या कडेला पांढऱ्या नळकांड्यांची रांग टीव्हीवर दिसू लागली आणि उन्हावरचा इलाज खानदानाची खूण बनला. मग आत फ्लोराइटचा कण नसलेल्या काही लेन्सही पांढऱ्या होऊन आल्या.

आता जबलपूरला ऊन नाही असं कोण म्हणेल? मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. या गावात पांढऱ्या लेन्सला तोड नाही. अडचण फक्त एवढीच, की इथली वरात निघते रात्री नऊला आणि पोचते अकराला. त्या वेळी लॉनवर परतवायला ऊन कुठून आणायचं? एलईडीचा झोत आणि जिलेबीच्या कढईची धग, एवढ्यावर त्या बिचाऱ्या फ्लोराइटला समाधान मानावं लागतं.

निकॉनवाल्यांचं दुःख वेगळं. नव्वदच्या दशकात त्यांनी काही मोठ्या लेन्स फिकट करड्या रंगात काढून पाहिल्या, पण घराणं काळंच राहिलं. त्याच मैदानावर, त्याच उन्हात काळ्या लेन्सवाले बसतात आणि धावपटू त्यांच्याही फोटोत अंतिम रेषा ओलांडतात. हे मामांना सांगून उपयोग नाही. मामींचा आक्षेप तर आणखी पुढचा आहे: पांढरीच का, शालूला मॅचिंग का नाही? मामी काळाच्या मागे नाहीत. पेंटॅक्सने २००९ साली जपानात एक कॅमेरा शंभर रंगसंगतींत विकला होता. जपानी फोटोग्राफरलाही मामी असतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

लग्नं संपली की पांढरी लेन्स जंगलात जाते. कान्हा आणि बांधवगढ इथून काही तासांवर. डुमना विमानतळावर मुंबई-पुण्याची मंडळी नखशिखान्त मातकट कपड्यांत उतरतात, कारण जंगलात भडक रंग नकोत हे त्यांना तोंडपाठ असतं. मग जिप्सीत उभं राहून ती मंडळी पांढरीशुभ्र तोफ बाहेर काढतात. चितळाला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, पण उजळ वस्तू आणि हालचाल चांगली कळते. यावर बाजाराने उपाय काढला आहे: लेन्सला घालायचं जंगली छापाचं आवरण. म्हणजे लाखो रुपये मोजून पांढरी लेन्स घ्यायची आणि वर आणखी पैसे मोजून तिचा पांढरेपणा झाकायचा. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरही हेच दृश्य. कान्ह्यात दुपारी तापलेल्या कुरणावरची हवा थरथरायला लागली, की पांढरी, काळी आणि छापील अशा तिन्ही लेन्समधून सारखाच पाण्याखालचा वाटावा असा बारासिंगा मिळतो, ते वेगळंच.

रंगाचा कधीच फरक पडत नाही असं मात्र आम्ही म्हणणार नाही. काचेपलीकडचा फोटो काढताना पांढरी लेन्स त्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पाडते. काळी पाडत नाही. संग्रहालयात, मत्स्यालयात, गाडीच्या बंद खिडकीतून काळीच बरी. पण हा काळीचा गुण झाला, आणि स्थळ बघायला आलेली माणसं तो कधी विचारत नाहीत.

खऱ्या पांढऱ्या रंगाची परीक्षा बघायची असेल तर भेडाघाटला चला. राधू कर्मकार हे मुळात कॅमेरामन. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जिस देश में गंगा बहती है' मध्ये तिथले संगमरवरी खडक आहेत. संतोष सिवनही कॅमेरामनच. त्यांनीही २००१ च्या 'अशोका'साठी हीच जागा निवडली. आता रविवारी बंदरकूदनीजवळ नावेत बसलेले लोक बघा. नावाडी यमकं जुळवत खडकांत हत्ती, घोडा, मोटार दाखवत असतो आणि नावेतले अर्धे लोक शेजाऱ्याच्या गळ्यातली पांढरी लेन्स बघत असतात. त्या लेन्समधून निघालेला संगमरवर मात्र सिमेंटसारखा करडा. कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतो. पांढरं पांढरं यायला हवं असेल तर एक्स्पोजर स्वतः वाढवावं लागतं. बटण अंगठ्याखालीच असतं आणि त्याला भाडं पडत नाही. म्हणूनच त्याची चौकशी कोणी करत नाही.

लेन्सच्या ज्या रंगाने फोटो सुधारतो, तो बाहेर नसतोच. लेन्स तिरकी धरून पुढच्या काचेत बघा: जांभळट, निळसर, हिरवट झाक दिसेल. तो लेपाचा रंग. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. दहा सुट्ट्या भिंगांची लेन्स घेतली तर पृष्ठभाग वीस, आणि निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गळतो. इंग्लंडमध्ये भिंगांचा जाणकार डेनिस टेलर याच्या १८९०च्या दशकातच ध्यानात आलं, की जुनी, डागाळलेली भिंगं नव्यापेक्षा जास्त प्रकाश सोडतात. पुढे १९३५ साली झाइस कंपनीच्या स्माकुलाने भिंगांवर मुद्दाम पातळ लेप चढवायची रीत काढली. आजच्या लेन्समध्ये पंधरा-वीस भिंगं बिनबोभाट बसतात ती या लेपामुळे. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी चढते, ती याच लेपाला खाते. सदरमध्ये आम्हाला अजून एकही मामा भेटलेले नाहीत, ज्यांनी बयाण्यापूर्वी टॉर्च लावून बुरशी तपासली.

आणि आतला रंग? पांढरी, करडी, रुपेरी, कुठल्याही कंपनीची लेन्स घ्या, नळीच्या आतून ती काळी मिचकूट असते. इकडेतिकडे उडालेला प्रकाश गिळायला तिथे काळाच लागतो. आत पांढरा रंग दिला तर फोटोवर धुकं पसरेल. गोऱ्या लेन्सचं सगळं कर्तृत्व तिच्या काळ्या पोटावर उभं आहे, पण ते पत्रिकेत लिहायची पद्धत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण पांढऱ्या लेन्सने काढलेला फोटो पुढे संगणकावर जातो, आणि तिथे नवरीला पांढरं केलं जातं. सावळी मुलगी अल्बममध्ये पिठूळ होऊन येते. हात सावळे, चेहरा गोरा, मान मधलीच कुठली तरी. हा रोग जुना आहे. कोडॅकने रंग जुळवायला प्रयोगशाळांना दिलेल्या 'शर्ली कार्ड'वर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. बाकीच्यांचे चेहरे त्या मापाने छापले गेले. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून 'ग्लो अँड लव्हली' असं बारसं केलं. आपल्या अल्बमवाल्यांचं बारसं अजून व्हायचं आहे. हिंदीतले व्यंगलेखक हरिशंकर परसाई याच जबलपुरात राहून 'सुनो भाई साधो' हा स्तंभ लिहीत. ते असते तर त्यांनी लेन्स सोडून आधी या पिठाच्या डब्याकडे बघितलं असतं.

तेव्हा वाचकहो, यंदा घरात कार्य असेल तर फोटोग्राफरची परीक्षा एकाच प्रश्नात घ्या. त्याने काढलेल्या दोन-तीन सावळ्या नवऱ्यांचे फोटो मागा. त्या फोटोत त्या सावळ्याच असतील आणि सुंदर दिसत असतील, तर रंग न विचारता ठरवून टाका. लेन्स काळी असो, पांढरी असो, नाही तर मामींच्या शालूला मॅचिंग असो.