ओक्केमध्ये

स्थळ बघून परतताना गाडीत आई विचारते, "कसा वाटला मुलगा?" मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणते, "ओके आहे." आईला काय ते कळतं आणि ती विषय बदलते. पुढच्या सीटवरच्या बाबांना मात्र होकार आल्यासारखं वाटतं. घर येईपर्यंत ते मनातल्या मनात दोन मंगल कार्यालयं पक्की करून मोकळे होतात.

यात बाबांची चूक नाही. इंग्रजीत हा शब्द मुळात होकाराचा. पण मराठीत त्याच्यापुढे 'आहे' लागलं की होकारातली हवाच निघून जाते. "बिर्याणी ओके आहे" असं म्हणणारा माणूस त्या हॉटेलात पुन्हा जात नाही. "नवा साहेब ओके आहे" यातलं पुढचं वाक्य चहाच्या टपरीवर, साहेब आसपास नसताना, पूर्ण होतं. एकटा 'ओके' म्हणजे ठरलं. 'ओके आहे' म्हणजे बघू. आणि 'ओके, ओके' असं दोनदा, जरा घाईत आलं, तर समोरच्याला म्हणायचं असतं की आता तुम्ही थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नुसत्या 'के' या एका अक्षरावर जोडपी दोन दोन दिवस अबोला धरतात.

एवढ्या कुरापती करणाऱ्या शब्दाचं मूळ थट्टेत निघावं, हे मला तरी रास्त वाटतं. २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात तो पहिल्यांदा छापून आला. त्या काळी तिथल्या पत्रकारांना एक खूळ लागलं होतं: वाक्प्रचार मुद्दाम अशुद्ध लिहायचा आणि मग त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग इतकं बिघडवलं की त्याचं 'ओके' झालं. म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणाऱ्या या शब्दात एकही अक्षर बरोबर नाही! आपल्याकडच्या शुद्धलेखनवाल्यांनी हे वाचून क्षणभर डोळे मिटून घ्यावेत.

त्या खुळातली बाकीची भावंडं यथावकाश वारली. हा मात्र राजकारणात शिरला, आणि राजकारणात शिरलेलं सहसा मरत नाही. १८४० साली मार्टिन व्हॅन ब्युरेन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून 'ओल्ड किंडरहूक' हे टोपणनाव. समर्थकांनी त्याची आद्याक्षरं उचलून 'ओके क्लब' काढला. विरोधकांनी उलट आवई उठवली की व्हॅन ब्युरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, तेच असं लिहीत. व्हॅन ब्युरेन पडले. पण या धुळवडीत शब्द देशभर पोचला, आणि पुढे तारायंत्रावर बसलेल्या लोकांना 'संदेश मिळाला' म्हणायला आयताच सापडला.

हे सगळं उकरून काढलं कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी, १९६३-६४च्या सुमारास. तोवर ज्याला त्याला तो आपल्याच घरचा वाटे. ग्रीकांना वाटे आमच्या 'ओला काला'वरून आला. काहींच्या मते तो चॉक्टॉ या मूळ अमेरिकी लोकांचा. अध्यक्ष वूड्रो विल्सन तर त्या समजुतीने त्याचं स्पेलिंगही वेगळं करीत. यात आपण मराठी माणसांनी अजून दावा ठोकलेला नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

ट्रकच्या पाठीवर मात्र तो आपलाच. 'हॉर्न ओके प्लीज' यात हॉर्न कळतो, प्लीज कळतं. मधला ओके कशाला? कुणी म्हणतं महायुद्धाच्या काळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांची ती खूण होती, कुणी म्हणतं टाटांच्या साबणाची जाहिरात. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यावसायिक वाहनांवर ही अक्षरं लिहायला बंदी केली, कारण ती वाचून मागचे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. म्हणजे मागचे लोक आधी वाचतात आणि मग वाजवतात, असा खात्याचा समज होता. सरकार जनतेबद्दल इतका चांगला विचार फार क्वचित करतं.

संगणकावरचा ओके त्याहून बेरकी. अ‍ॅपलच्या 'लिसा' संगणकाची जुळणी चालू असताना होकाराच्या बटणावर 'डू इट' असं लिहिलं होतं. चाचणीला बसवलेल्यांपैकी काहींनी ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणतंय, म्हणून एक जण वैतागलाही. तेव्हा तिथे ओके आला. आता यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणत नाही. 'तुमची फाइल उघडता येत नाही' असं सांगतं आणि खाली एकच बटण देतं: ओके. नाही म्हणायची सोयच नाही. आपलं काम बुडालं आहे आणि त्याला आपली संमतीही आहे, अशी ती सही असते.

या शब्दाचा सरळ, निर्मळ अर्थ मला एकाच ठिकाणी दिसतो, तो पाण्याखाली. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्यांना आधी शिकवतात की अंगठा वर करायचा नाही. त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. ठीक असाल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. नसाल तर पंजा आडवा धरून हलवायचा. तिथे 'ओके आहे' म्हणून कुणी कुणाचं मन राखत नाही.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, मला जमिनीवरचा गुळमुळीत ओकेच जास्त आवडतो. विशेषतः तो मराठी व्याकरणाच्या हाती लागतो तेव्हा. २०२२च्या जूनमध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या दिवसांत, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, झाडी, डोंगर आणि 'हाटील' यांचं कौतुक करत सगळं 'ओक्केमधी' असल्याचं त्यांनी कळवलं, आणि महाराष्ट्र आठवडाभर दुसरं काही बोलला नाही. बॉस्टनच्या त्या थट्टेखोर संपादकांना हे सुचलं नसतं. त्यांनी विशेषण केलं. आपण क वर क चढवला, 'मध्ये' जोडलं आणि त्याचं गाव करून टाकलं. माणूस पुण्यामध्ये असतो, टेन्शनमध्ये असतो, तसा ओक्केमध्येही असतो. तिथे पोचायला नेमकं काय लागतं, ते आमदारांनी सांगितलं नाही. पण हॉटेल बरं असलं की बरंचसं काम होत असावं.