वजाबाकीत पैकीच्या पैकी

दरवर्षी जुलै महिन्याच्या ११ तारखेस, म्हणजे पेरण्या उरकल्यावर आभाळाकडे पाहत बसण्याखेरीज बीड जिल्ह्यातील रयतेस ज्या दिवसांत दुसरा उद्योग नसतो अशा ऐन मोक्याच्या वेळी, जागतिक लोकसंख्या दिन साजरा करण्याची तजवीज संयुक्त राष्ट्रसंघातील ज्या कोणा दूरदर्शी इसमाने केली, त्याचे या जिल्ह्यावर थोर उपकार आहेत. कारण हाच दिवस दिवाळीनंतर येता, तर जिला शिक्षण द्यावयाचे ती लोकसंख्याच जागेवर सापडली नसती. ती तेव्हा बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली असते.

यंदाच्या समारंभास मी हजर होतो. अध्यक्षांनी एक भाकरी दोघांत वाटली तर किती येते आणि आठांत वाटली तर किती, हा त्रैराशिकाचा प्रश्न इतक्या तळमळीने सोडवून दाखविला की, ती भाकरी मुळात येते कोठून, हा गौण मुद्दा कोणाच्याही ध्यानी आला नाही. माझ्याशेजारी बसलेले ऊसतोड टोळीचे एक वृद्ध मुकादम मात्र शांतपणे तंबाखू मळत होते, आणि त्यांच्या त्या स्वस्थतेचे कारण मला पुढे उमगले. जनगणनेच्या कारकुनाने पती आणि पत्नी म्हणून ज्यांची दोन माणसे अशी नोंद केली, त्यांची मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ एवढीच नोंद असते. आगाऊ पैशांची उचल मिळते ती जोडीस, आणि एकटा इसम आला तर तो ‘अर्धा कोयता’ ठरतो. ज्या गृहस्थाने कसल्याही प्रचाराविना केवळ लेखणीच्या फटकाऱ्याने लोकसंख्या निम्मी करून दाखविली, त्याने अध्यक्षांचे गणित कशासाठी ऐकावे? अर्धा कोयता निरुपयोगी म्हणून मुलाचे लग्न हंगामाआधी उरकावे लागते, आणि नवऱ्या मुलीचे वय शाळेच्या दाखल्यावर पाहण्याची सवड त्या घाईत कोणास राहत नाही, ही किरकोळ बाब निराळी.

तरीही बीडकरांनी या विषयाचा अभ्यास केला नाही, असे म्हणणे शुद्ध कृतघ्नपणा ठरेल. उलट, ‘लहान कुटुंब’ हे दोनच शब्द पाठ्यपुस्तकातून, भिंतीवरील लाल त्रिकोणातून आणि आकाशवाणीवरून तीन पिढ्यांच्या कानांवर आदळल्यानंतर येथील सुज्ञ कुटुंबप्रमुखांनी त्यांतील वजाबाकी अचूक हेरली आणि ती मुलींपासून आरंभिली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ होती. अखिल महाराष्ट्रास हा आकडा गाठावयास २०११ साल उजाडावे लागले, म्हणजे मागास म्हणून हिणविला गेलेला हा जिल्हा राज्याच्या दहा वर्षे पुढे होता! आणि राज्य तेथे पोहोचले तेव्हा आम्ही ८०७ वर जाऊन राज्यात अव्वल ठरलो होतो. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी केला, याचा अभिमान बाळगावा. मात्र कायदा मुंबईत होतो आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी असते, हे अंतर कोणत्याही नकाशात दाखवीत नाहीत.

सरकारनेही शिक्षणास शिक्षेची जोड देऊन पाहिली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या इसमास ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीचा दरवाजाही त्यास बंद केला. कायदा अपत्ये मोजतो, त्यांतील मुलगे मोजीत नाही. मोजदाद दोनवर थांबवून त्यांत मुलगा हवाच, ही पूर्वअट जशीच्या तशी ठेवली की बाकी काय उरते, हे तिसरीतला विद्यार्थीही सांगेल.

पण या विद्येत सर्वांत पुढे गेल्या त्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया. मासिक पाळीत काम चुकले तर खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो, फडावर आडोसा नाही की पुरेसे पाणी नाही, आणि दुखण्यावर औषध विचारावयास गेले तर ‘पिशवी काढून टाका’ असा एकच उतारा मिळतो. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, सहांत एक. कुटुंबनियोजनाचे असे समूळ उद्दिष्ट कोणत्याही पंचवार्षिक योजनेने ठेविले नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा आपल्या देहाचा निर्णय स्त्रीने आपण करावा, एवढेच त्या बिचाऱ्याचे म्हणणे होते. त्याबद्दल लोकांनी त्यांस अश्लील ठरविले. येथे निर्णय खाड्याने केला, आणि कोणी चकार शब्द काढला नाही, कारण यात अश्लील असे काहीच नव्हते.

वास्तविक २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखावयास लागणाऱ्या २.१ च्याही खाली, उतरला आहे. परंतु स्फोट थांबल्याचे परिपत्रक तालुक्याच्या कचेरीत अद्याप पोहोचले नसावे, त्यामुळे समारंभातील निबंधस्पर्धेचा विषय यंदाही ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ असाच होता.

पहिला क्रमांक सातवीतील एका मुलीस मिळाला. बक्षीस म्हणून तिला स्टीलचा डबा देण्यात आला. झाकणावर समारंभ भरविणाऱ्या संस्थेचे नाव कोरलेले होते. दसऱ्यानंतर सहज तिच्या शाळेवरून जाणे झाले, तेव्हा वर्गात निम्मे बाक रिकामे होते. गुरुजी हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करीत करीत खाली येत होते. मी त्या मुलीची चौकशी केली. ‘फडावर गेली,’ ते मान वर न करता म्हणाले, ‘धाकट्या भावाला कोपीत सांभाळायला कुणी नव्हतं. डबा घेऊन गेलीय सोबत.’