स्वप्नातली उधारी

टेंभुर्णी म्हटलं की बाहेरच्या माणसाला पुणे-सोलापूर हायवेवरची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी आठवते. आमची ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. इकडे कपाशी, सोयाबीन, मका, आणि थोडं पुढे सरकलं की बुलडाणा जिल्हा. या गावात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. पाटीवर ‘कृषी सेवा केंद्र’ लिहिलंय, पण मृगाच्या आगेमागचे दिवस सोडले तर तिथला मुख्य धंदा गप्पांचा, आणि सकाळच्या गप्पांत पहिला मान स्वप्नांना. युरियाची गोणी मागायच्या आधी माणूस बाकड्यावर टेकतो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, “राती लई वंगाळ सपान पडलं बा.”

अर्थ सांगायला बाकड्यावर आबा असतातच. आबांचं शास्त्र सोपं आहे. साप दिसला की धन. दात पडला की घरातलं कोणीतरी जाणार. लग्न दिसलं की मयत, आणि मयत दिसली की त्या माणसाचं आयुष्य वाढलं. या हिशेबाने आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं आयुष्य तिच्या सुनेने स्वप्नात इतक्या वेळा वाढवलंय, की सुनेच्या मनात काय असेल हे सांगायला फ्रॉइड लागत नाही. साप तर रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला जागेपणीच दिसतो. त्याच्या धनाचं काय, हे आबा सांगत नाहीत.

आबांपेक्षा जुना आणि बराच सावध माणूस म्हणजे चरक. चरकसंहितेत स्वप्नं सात प्रकारची सांगितली आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनातून हवं असलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं आणि वात-पित्त-कफ बिघडल्यामुळे पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ समजावीत, असं वैद्यांना बजावलंय. मी हे बाकड्यावर सांगितलं तेव्हा आबा विचारात पडले. मग म्हणाले, “म्हंजे सातातलं पाच बियाणं उगवणारच न्हाई? मंग कंपनीवर तक्रार टाका ना!”

माझं मत विचाराल तर ही न उगवणारी पाचच खरी कामाची. उद्या काय होणार हे ती सांगत नाहीत, पण काल मनात काय राहून गेलं ते चोख सांगतात. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्याकडे पोरासोराला पाठ असते. तिकडे अमेरिकेत कॅल्व्हिन हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी हजारो स्वप्नं गोळा केली, त्यांची वर्गवारी केली, आणि तोही फिरून जवळपास तिथेच आला.

एकदा पोळा झाल्यावर आमचे एक दाजी दुकानात आले. दाजी गावाचेच, त्यामुळे सगळ्यांचेच. वहीत त्यांची दोन पानं आहेत. आल्या आल्या म्हणाले, “भाऊ, राती तुमी माह्या सपनात आलते.”

“काहून?”

“वही घेऊन. मी तुमाले पाहून कपाशीत लपलो. पर कपाशी गुडघ्याएवढी. खाली बसलो तं डोकं वर, आडवा झालो तं पाय भाईर. अन् तुमी बांधावर हुभं राहून नुसतं माहं नाव वाचू राह्यले, शाळेतल्या हजेरीवाणी.”

आबांनी लगेच निकाल दिला, “सपनात घेणेकरी आला म्हंजे धनलाभ.” कोणाला, ते सांगितलं नाही. दाजींनी त्या आनंदात आणखी एक फवारणीचं औषध वहीवर नेलं.

आता योग असा, की त्याच आठवड्यात माझ्या स्वप्नात दाजी आले होते. हातात नोटांची पिशवी. काउंटरवर मोजून ठेवतायत, मी वहीची पानं उलटतोय, आणि बेरीज काही जमत नाही. शेवटी मीच म्हणालो, “राहू द्या दाजी, पुढच्या महिन्यात द्या.” हे मी झोपेत मोठ्याने म्हणालो असणार, कारण बायकोने हलवून उठवलं. “दिवसभर हेच म्हणता, तेवढ्यानं भागत नाही का?” तिने विचारलं.

उधारी एकच, तिकडून भीती दिसली, इकडून आशा. पण मला त्यात वही महत्त्वाची वाटत नाही. दाजींच्या स्वप्नातली ती गुडघ्याएवढी कपाशी बघा. पोळ्याला कपाशी कमरेला लागायला हवी. त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली होती आणि दाजींचं रान खरोखरच खुरटलं होतं. दिवसा दाजींना कोणीही विचारलं, तरी “बरी हाये कपाशी,” एवढंच म्हणायचे. खरा पंचनामा रात्री झाला. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, त्या हिवाळ्यात तर आमच्या बाकड्यावरचे साप आणि दात एकदम बंद झाले. ज्याच्या त्याच्या स्वप्नात अळी. आबांची मात्र पंचाईत झाली, त्यांच्या शास्त्रात अळीला फळच नव्हतं.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी ‘आनंदवनभुवनी’त स्वप्नात दिसलेलं प्रत्यक्षात उतरल्याचं सांगितलं. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि राहिलेले अभंग पुरे करायचं काम सोपवून गेले. देवगावात जन्मलेल्या बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नातच उपदेश केला. तिथेही नियम तोच, जे मनात तेच स्वप्नात. फक्त मनात काय असावं, तिथे फरक पडतो. आमच्या बाकड्यावरच्या कोणाच्या स्वप्नात उद्या पांडुरंग आला, तर पहिला प्रश्न पीकविम्याचा निघेल.

स्वप्नाचा सर्वांत रोकडा अर्थ लावला तो आकडा खेळणाऱ्यांनी. स्वप्नात बैलजोडी दिसली तर पाय मोजून आठ लावायचा की शिंगं मोजून चार, यावर मी भल्या माणसांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. मुंबईत हा आकडा मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लागायचा. १९६०च्या दशकात ते भाव थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचा मटका झाला. म्हणजे कापसाच्या भावावर जुगार खेळायला शेत लागत नाही, हे त्या लोकांना केव्हाच कळलं होतं. आम्ही अजून शेत घेऊन खेळतो.

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९च्या नोव्हेंबरात आलं, पण वर साल छापलं १९००. बियाण्याच्या पिशवीवर असं पुढचं साल छापलं असतं तर परवाना गेला असता. त्याची बरीचशी मतं बाकड्यावर सांगण्यासारखी नाहीत. एक मात्र पटतं. परीक्षेचं स्वप्न पडतं ते आपण पास झालेल्या परीक्षेचं, असं तो म्हणतो. तेव्हाही घाबरला होतास आणि तरलास, असा धीर त्यातून मिळतो. मला दहावीच्या गणिताचा पेपर अजून पडतो, आणि पडतो तो नेमका जूनमध्ये, विकलेलं बियाणं मातीत असतं आणि पावसाचा पत्ता नसतो तेव्हा. घंटा होते, पेनात शाई नसते, आणि सुपरवायझर म्हणून आबा फिरत असतात.

राहता राहिलं पहाटेचं स्वप्न. ते खरं होतं, यावर गावात दुमत नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचा काळ टिपला, आणि ठळक स्वप्नं बहुतेक त्याच काळात पडतात असं पुढे दिसलं. हा काळ रात्री तुकड्यातुकड्यांनी येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणून पहाटेचं स्वप्न मोठं असतं, आणि लगेच जाग आल्यामुळे लक्षातही राहतं. लक्षात राहिलेल्यांतलं एखादं खरं निघतं. बाकीची आबा मोजत नाहीत.

पण पहाटेचं स्वप्न पडायला माणूस पहाटे अंथरुणात हवा. आमच्याकडे शेतीच्या विजेची रात्रीची पाळी असली, की त्या वेळी तो बॅटरी घेऊन विहिरीवर असतो, मोटर चालू करत नाहीतर फ्यूज टाकत. जे स्वप्न खरं व्हायचं, ते बघायला घरात कोणी नाही. तेव्हा सरकारला आमची विनंती एवढीच आहे, की शेतीला वीज दिवसा द्या. आणि ज्यांची माझ्याकडे बाकी आहे त्यांनी स्वप्नात पिशव्या घेऊन येण्याचे कष्ट घेऊ नयेत. दुकान सकाळी आठला उघडतं.