पुढच्या डब्यास, मागच्या डब्याच्या मालकाकडून

प्रति,
मा. राउटरसाहेब (कंपनीचे),
मुक्काम : दिंडी दरवाजाच्या आतली भिंत, छत्रीच्या खुंटीच्या वर,
जुने पैठण.

विषय : तुमच्या पाठीमागे स्वतःचा डबा बसवल्याची जाहीर कबुली, व त्या अनुषंगाने काही तक्रारी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, तुम्ही आमच्याकडे आलात त्या दिवशी जागा निवडताना घरातल्या कुणाला विचारलं गेलं नाही. नेटवाल्या पोरानं खांबावरून वायर ओढली, सागवानी चौकटीशेजारी ड्रिलनं भोक पाडलं आणि वायर जिथं आत शिरली तिथंच दोन स्क्रूंवर तुम्हाला लटकवलं. माजघरात बसवता का, असं मी विचारलं. "इथंच बरं काका, वायर वाकली की लाईट जातो." बरोबर आहे त्याचं. त्या काचेच्या तारेत उजेड ज्या गाभ्यातून पळतो तो नऊ मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस त्याच्या सात-आठपट जाड. इतक्या नाजूक सोयरिकीचे पाहुणे तुम्ही, तुम्हाला घरभर कोण फिरवणार?

पण साहेब, आमचा वाडा तुमच्या मापाचा नाही. भाजकी वीट, पांढरी माती, दीड हात जाडीच्या भिंती. तुमचं पाच गिगाहर्ट्झचं वेगवान वायफाय ओसरीवर नाचतं आणि माजघराच्या भिंतीला नाक लागताच परत फिरतं. जुनं अडीच म्हणजे, बरोबर बोलायचं तर २.४ गिगाहर्ट्झचं, लंगडत आत येतं. नातीचा क्लास माजघरात, आमच्या सौ.चं कीर्तन स्वयंपाकघरात आणि रेंज मात्र चपलांच्या स्टँडवर फुल्ल. आमच्या घरात सगळ्यात जोरदार नेट आजही चपलांनाच मिळतं.

म्हणून मी पदरच्या पैशानं चार अँटेनांचा डबा आणला. तुमच्यापासून माजघरापर्यंत वायर टाकायची, तिथं हा बसवायचा, एवढा साधा बेत होता.

वायरीच्या टोकाला प्लग लावणं हे मात्र साधं काम नाही. आत आठ तारा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला की संपलं. हिरव्याच्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येऊन बसते, तिथंच सगळे फसतात. माझा चष्मा आणि माझे अंगठे, दोन्ही या कामाला नालायक. तीन प्लग वाया घालवले. शेवटी शेजारच्या मावशी आल्या. त्यांचं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलेलं. त्यांनी कागदावरचा क्रम एकदा वाचला, आठही तारा नखानं सरळ केल्या, एका रेषेत धरल्या आणि म्हणाल्या, "दाबा आता." पहिल्या झटक्यात लागला. "पदरावर मोर काढायचा तर किती धागे मोजावे लागतात, माहितीये का?" एवढं बोलून त्या चहा न घेता गेल्या.

आता शुद्धिपत्राचं सांगतो.

तुमच्याकडे खरं तर तीन कामं आहेत. काचेतून आलेल्या उजेडाची वीज करणं हे पहिलं. ते तुमचंच, कारण तुमचा सिरियल नंबर कंपनीच्या खात्यात नोंदलेला आहे, दुसरा डबा तिथं लावला तर वरचं यंत्र त्याला ओळखच देत नाही. दुसरं, नाव-पासवर्ड देऊन लाईन उघडणं. तिसरं, घरातल्या मोबाईल-टीव्हींना पत्ते वाटणं आणि वायफाय सोडणं. ही मागची दोन कामं कुठलाही बरा डबा करू शकतो. तुम्ही फक्त पहिलं करून बाकी मागच्याच्या हवाली करायचं, या सोयीला ब्रिज मोड म्हणतात. सेटिंग तुमच्याच पोटात आहे, पण त्याची किल्ली कंपनीकडे.

आळंदीची चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला आली, ही गोष्ट आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असते. माझी वारी उलटी निघाली. पैठणचा माणूस शुद्धिपत्र मागायला कॉल सेंटरच्या दारात. चार वेळा फोन केला. चारही वेळा मी ब्रिज मोड म्हणालो आणि चारही वेळा पलीकडून एकच मंत्र आला : "सर, एकदा राउटर बंद करून चालू करा." नागघाटावर रेड्याच्या तोंडून वेद वदवले, असं आमचं गाव सातशे वर्षं सांगत आलंय. त्या रेड्याला निदान ऋचा वेगवेगळ्या येत होत्या.

शुद्धिपत्र मिळालं नाही. मग मी तसाच, बिनशुद्धीचा, तुमच्या मागे माझा डबा जोडला. रात्रीचे अकरा वाजले होते. वायफायच्या सगळ्या काड्या उभ्या, आणि खाली ओळ : इंटरनेट नाही. तुमच्या आत शिरून बघावं म्हणून ब्राउझरात १९२.१६८.१.१ टाकलं, तर पान माझ्याच डब्याचं उघडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. हाक तुम्हाला मारतोय आणि ओ देतोय माझा. वायर काढली, लावली. मंत्राचा प्रयोगसुद्धा केला, तुम्हाला बंद करून चालू केलं. दीड वाजला.

नाथांची गोष्ट तुमच्या कानावर नसेल, तुम्ही बाहेरगावचे. देवगिरीवर जनार्दनस्वामींचा हिशोब लिहिताना एका पैची चूक सापडेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. माझी पै दोनच्या सुमाराला सापडली. तुमचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि माझ्याही डब्याचा कारखान्यातून आलेला पत्ता तोच. घरात वापरायचे म्हणून काही पत्ते १९९६ साली राखून ठेवले गेले, ते जगात कुणीही वापरावेत. ‘मारुतीच्या देवळासमोर’ हा पत्ता जसा गावोगाव चालतो, तसेच. पण एकाच गावात दोन मारुती समोरासमोर उभे केले तर पोस्टमननं करायचं काय? माझ्या डब्याचा तिसरा आकडा एकाचा पन्नास केला, १९२.१६८.५०.१, आणि माजघर उजळलं. मीही टाळी वाजवली. नाथांच्या टाळीनं गुरू जागे झाले, माझ्या टाळीनं आमची सौ. आणि तिनं गुरूंसारखं कौतुक केलं नाही.

इथं पत्र संपवता आलं असतं. पण मला पुढची हौस होती. वाड्याच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर बाहेरगावी असताना मोबाईलवर पाहायचा होता, आणि तोही थेट, तिऱ्हाइताच्या सर्व्हरवरून न जाता. त्यासाठी बाहेरून येणाऱ्याला सांगावं लागतं की अमुक दार ठोठाव. माझ्या डब्यात दार उघडलं. तुमच्यातही उघडलं, कारण आता दोन दिंड्या ओलांडायच्या होत्या. ही दुहेरी भाषांतराची भानगड, तिला डबल नॅट म्हणतात. घरातल्या पत्त्याचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर माझा डबा एकदा करतो, तुम्ही पुन्हा करता. आतून बाहेर जाणाऱ्याचं त्यात काही अडत नाही, बाहेरून येणारा मात्र अंगणात हरवतो. दोन्ही दारं सताड उघडली तरी कुणी आत येईना. मग तुमच्या स्टेटसच्या पानावर तुमचा स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहिला. शंभर पॉइंट बहात्तरनं सुरू होणारा.

साहेब, त्या क्षणी माझा तुमच्यावरचा राग निम्मा झाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास कंपन्यांसाठी राखले गेले, शेकडो गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्याआड कोंबता यावं म्हणून. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणजे मी तुम्हाला वाड्याचे धनी समजत होतो आणि तुम्ही निघालात पोटभाडेकरू. तुमच्याही पुढं कुठंतरी एक मोठा डबा बसलाय आणि त्याच्या दारावर माझं काय, तुमचंही नाव नाही. डबल कसलं, ट्रिपल नॅट.

पैठणकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या उशाला जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. सत्तावीस दरवाजे, १०२ टीएमसीच्या घरातला साठा, नाव तर थेट नाथसागर. बाहेरून आलेल्या पाहुण्याला बांधावर नेऊन आम्ही ऐटीत हात पसरतो. पण सागर भरतो कुणाच्या मर्जीनं? वर गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा. त्यांचं पोट भरल्यावर जे सुटेल ते आमचं. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला. मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं. तरी दर तुटीच्या वर्षी मोर्चे, कोर्ट, आणि सोडलेल्या पाण्यातलं वाटेतच जिरलेलं किती याचा वाद. आमचे सत्तावीस दरवाजे आम्ही खाली सोडायला उघडू शकतो, वरून आणायला त्यांचा उपयोग शून्य. मी माझ्या डब्यात आणि तुमच्यात दारं उघडून बसलो होतो ना, तसंच.

तरीही एक तक्रार लेखी नोंदवतो. तुम्ही माझ्या भिंतीवर, माझ्या विजेवर जगता आणि माझ्या पाठीमागे कंपनीशी बोलता. टीआर-०६९ नावाची रीत २००४ पासून आहे, तिच्या जोरावर कंपनी लांबून तुमची सेटिंग बदलू शकते. मी पासवर्ड बदलला होता, एके सकाळी तो पुन्हा पहिल्यासारखा झालेला. यावर कॉल सेंटरचा मंत्र काय आला असेल ते लिहीत नाही. पासवर्ड ही चेष्टेची गोष्ट नव्हे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम एका व्हायरसनं निकामी केले, आणि त्यात सापडले ते मुख्यतः ज्यांचा पासवर्ड कारखान्यातला तसाच होता ते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून गिऱ्हाइकानं कुठला डबा वापरायचा ते कंपनी ठरवू शकत नाही. कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते. आमच्याकडं कंपनीची हद्द छत्रीच्या खुंटीवर बसून माझ्याकडं डोळे मिचकावते.

आयपीव्ही-सिक्स आलंय, त्यात पत्त्यांना तोटा नाही, असं कुणी म्हणेल. आलंय खरं, तुमच्यापर्यंत आलंय. तुम्हाला कंपनीनं एकच आळी दिली, तिचे तुकडे करून मागच्याला द्यायची सोय ठेवली नाही. म्हणजे समुद्र आला, तोही पहिल्या भांड्यातच.

असो. सध्याची व्यवस्था अशी की तुमचं वायफाय मी बंद केलंय. तुम्ही उजेडाची वीज करा, लाईन उघडा, एक वायर मागं सोडा, बाकी झोपा काढा. माजघरातला डबा घर बघेल. कॅमेऱ्याचा नाद मी सोडला, शेजारच्या मावशींची नजर त्याहून बरी आहे. कंपनीकडून स्वतःचा ठरलेला खरा पत्ता घ्यायला महिन्याचे जादा पैसे पडतात असं कळलं, पण ते देण्याइतकं चोरण्याजोगं वाड्यात काही नाही.

परवा खंडेनवमीला सौ.नं विळी, शिवणयंत्र, माझी पकड आणि क्रिम्पिंगचा चिमटा पाटावर मांडले. माझा डबा नातीनं आणून ठेवला. तुम्ही भिंतीवरून हलत नाही म्हणून तिथंच येऊन हळदकुंकू लावलं, आणि पहिलं तुम्हाला. नातीनं विचारलं, "आजोबा, हा तर वाईट डबा ना?" मी म्हणालो, "लाईन त्याच्याकडून येते बाळा." झेंडूचं फूल तुमच्या डोक्यावर ठेवलं, तर ते जाळीवरून दोनदा घसरलं. शेवटी ते खुंटीवरच्या छत्रीच्या मुठीत खोचलं.

कळावे,
आपल्या मागे असलेला,
एक पैठणकर

ता. क. : कुंकवाचा एक कण तुमच्या लाल लाईटवर पडलाय. दुपारपासून दोनदा नेट गेलं समजून नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, एकदा बंद करून चालू करा."